झेड व्हिसा हातात आल्याशिवाय बॅग भरू नकोस

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

चीनमधल्या झेंगझोऊच्या त्या ट्रेनिंग सेंटरचं, इंग्रजी शिकवायच्या नोकरीचं पत्र प्रिंट काढून वाचलं. आयुष्य बँकेत कर्जाचे कागद तपासण्यात गेलं, त्यामुळे हातात पेन असल्याशिवाय मला करारपत्र वाचता येत नाही. आई म्हणाली, पोरीच्या नोकरीच्या पत्रावर कसल्या लाल खुणा करताय? पण केल्या. फोनवर बोलायला गेलो की तू "बाबा, तुम्हाला मला जाऊच द्यायचं नाहीये" म्हणून तोडून टाकतेस, म्हणून लिहून पाठवतोय.

तू जायला माझी ना नाही. पुण्यातली शाळा तुला जे देते त्यात खोलीभाडं आणि मेस भागवून हातात काय उरतं, हे मला ठाऊक आहे. महिना १४,००० युआन, वर राहायला खोली. युआन साधारण बारा-तेरा रुपये धरला तरी पावणेदोन लाखांच्या घरात जातं. मोह होणारच. मलाही झाला. पण पहिली लाल खूण या आकड्याच्या लगेच खालच्या ओळीवर आहे: "सुरुवातीला एम व्हिसावर या, झेड व्हिसाचं इथे आल्यावर बघू."

एम हा व्यापाऱ्यांचा व्हिसा. माल बघायला, सौदा करायला जाणाऱ्यांचा. नोकरीसाठी झेड लागतो, आणि त्याची सुरुवात तिकडून होते. नोकरी देणारा आधी तिथल्या सरकारकडून तुझ्या नावाने वर्क परमिटचं नोटिफिकेशन लेटर काढतो. ते घेऊन तू इथे झेड व्हिसा मागायचा. तिकडे पोचल्यावर २४ तासांच्या आत पोलिसांकडे पत्त्याची नोंद करायची आणि ३० दिवसांच्या आत रेसिडेन्स परमिटचा अर्ज करायचा. हे सोडून एम व्हिसावर वर्गात उभी राहिलीस, तर २०१३ पासून लागू असलेल्या त्यांच्या कायद्याप्रमाणे दंड ५,००० ते २०,००० युआन. प्रकरण गंभीर ठरलं तर ५ ते १५ दिवस कोठडी. परत पाठवणी झाली तर पुढची १ ते ५ वर्षं त्या देशात पाऊल टाकता येत नाही. सेंटरलाही दंड होतो, नाही असं नाही, पण तो माणशी १०,००० युआन. असला दंड ते धंद्याचा खर्च म्हणून भरतील. आपल्याला तसं करता येणार नाही.

दुसरी खूण वेळापत्रकावर. शनिवार-रविवार सकाळी ९ ते रात्री ८, तिसरी ते सहावीच्या मुलांचं इंग्रजी. हे वाचून तुला काही खटकलं नाही? जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने खासगी शिकवण्यांवर कुऱ्हाड चालवली. पहिली ते नववीच्या मुलांना शाळेचे विषय नफ्यासाठी शिकवायचे नाहीत, आणि शनिवार-रविवारी व सुट्ट्यांत तर अजिबात नाही. इंग्रजी त्यातच येतं. मोठमोठ्या कंपन्या त्या एका फटक्यात बसल्या. पण तिकडच्या बारावीनंतरच्या परीक्षेत, गावकावमध्ये, ७५० पैकी १५० गुण इंग्रजीला आहेत, तेव्हा आईबाप शिकवणी कशी सोडतील? (आपल्याकडच्या नीटच्या क्लासेसवर उद्या बंदी आली तर लातूरचे पालक ऐकतील का, सांग.) म्हणून अशी सेंटरं दुसऱ्याच नावाची पाटी लावून चालतात. मला वाटतं, हेही त्यातलंच असावं. ज्याचा वर्गच नियमाबाहेर, तो तुझ्यासाठी परमिट मागायला सरकारी कचेरीत कोणत्या तोंडाने जाईल? पहिली खूण का आली, ते दुसऱ्या खुणेवरून कळलं.

आता जरा कटू वाटेल असं लिहितो. भाषाशिक्षकासाठी त्यांचा नियम असा, की आपली मातृभाषा शिकवायची. वर पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव. बी.एड. असेल तर अनुभवाची अट ढिली होते, पण मातृभाषेची होत नाही. व्यवहारात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, दक्षिण आफ्रिका एवढ्याच देशांचे पासपोर्ट चालतात. तुझं इंग्रजी तिथल्या कुणापेक्षा कमी आहे असं मी म्हणत नाही. जाहिरातीत अर्जासोबत फोटो का मागतात हे तुलाही समजतं आणि मलाही. ते अन्यायाचं आहेच, पण त्याचा राग धरून चुकीच्या व्हिसावर जाण्यात भरपाई होत नाही.

आणि मला खरं कोडं पडलंय ते वेगळंच. तू एम.एस्सी. फिजिक्स, बी.एड. तीन वर्षं इंग्रजी माध्यमात फिजिक्स शिकवतेयस. मग इंग्रजीच्या मास्तरणीच्या रांगेत तू कशाला उभी आहेस? शांघाय, शेनझेन, सूझोऊ, ग्वांगझोऊ, सगळीकडे आयबी आणि केंब्रिजचं ए लेव्हल असे आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम शिकवणाऱ्या शाळा आहेत. तिथे फिजिक्स, केमिस्ट्री, गणित इंग्रजीतून चालतं. विषयशिक्षकाला मातृभाषा कोणती ते विचारत नाहीत. पदवी आणि त्याच कामाचा दोन वर्षांचा अनुभव विचारतात. तुझ्याकडे दोन्ही आहे. नोकरी लगेच मिळेल असं नाही. त्या शाळांची भरती साधारण हिवाळ्यात सुरू होते आणि सत्र ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरमध्ये. मुलाखतीत डेमो लेक्चर घेतात. तुला केंब्रिजचा अभ्यासक्रम नवा आहे, म्हणजे ए लेव्हलचे जुने पेपर आत्तापासून सोडवायला घे. इंग्रजी शिकवायला जाऊ नकोस, इंग्रजीतून शिकवायला जा.

ही नोकरी आणणाऱ्या एजंटबद्दल थोडंच. तो दीड लाख मागतोय. आपल्या कायद्याने परदेशी नोकरीच्या एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, आणि त्याच्याकडे परराष्ट्र खात्याचा परवाना लागतो. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर परवान्याचा नंबर टाकला की खरं-खोटं कळतं. त्याला नंबर विचार. "मॅडम, आम्ही कन्सल्टन्सी आहोत, एजंट नाही" असं उत्तर आलं तर पुढे बोलूच नकोस.

कलम ११ मध्ये पासपोर्ट "सुरक्षिततेसाठी" सेंटरकडे आणि पहिला पगार डिपॉझिट म्हणून. दोन्हीवर मी आडवी रेघ मारलीय. त्यांच्याच कामगार कायद्यात मालकाला नोकराची ओळखपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत, अनामतही घेता येत नाही. शिवाय तिथे परदेशी माणसाला साधं रेल्वेचं तिकीट काढायचं तरी पासपोर्ट लागतो. तो दुसऱ्याच्या कपाटात असला तर अडीअडचणीला निघून यायचं कसं? आणि वर्क परमिटवर ज्या शाळेचं नाव, तिथेच काम करायचं. "शनिवारी आमच्या दुसऱ्या शाखेत जा" म्हणाले तरी नाही म्हणायचं, तेही बेकायदाच.

कॉलनीत बातमी फुटलीच आहे. कालच एक गृहस्थ म्हणाले, "अहो, कोटनिसांच्या गावची पोरगी, जाऊ द्या की!" सोलापुरात भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकावरून आपण किती वेळा गेलो असू. म्हटलं, डॉ. कोटनीस १९३८ मध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले ते रीतसर बोलावण्यावरून. तिकडच्या जनरल झू दे यांनी नेहरूंना पत्र लिहिलं, काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. बोलावणारा कोण, काम काय, सगळं लखलखीत. माझ्या मुलीला बोलावणाऱ्याच्या पत्रावर सही आहे, पण सहीखाली नाव नाही. गृहस्थ गप्प बसले.

आईची काळजी निराळी. रोज बोलायचं कसं? तिकडे व्हॉट्सॲप आणि गूगल बंद, आणि त्यांचं व्हॉट्सॲपसारखं वीचॅट आपल्या सरकारने २०२० मध्ये बंद केलेलं. मी चौकशी केली. इथलं सिम आंतरराष्ट्रीय रोमिंगवर ठेवलं की त्यावर व्हॉट्सॲप सहसा चालतं, महाग पडतं इतकंच. त्यांचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे, म्हणजे आईचं रात्रीचं जेवण आटोपेपर्यंत तुझी झोपायची वेळ झालेली असेल. ते आम्ही बघून घेऊ. विमानाचा प्रश्न आता सुटलाय. २०२० पासून बंद असलेली थेट विमानं ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता-ग्वांगझोऊपासून पुन्हा सुरू झाली.

नोकरी मिळेपर्यंत कागदांचं काम उरकून घेऊ. पदवी राज्य सरकारकडून आणि मग परराष्ट्र खात्याकडून प्रमाणित करून घ्यायची, त्यावर चिनी वकिलातीचा शिक्का. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो, पण तो आत्ता काढू नको, शिळा झाला तर चालत नाही. विद्यापीठाच्या चकरा मी मारीन, मला दुसरं काम काय आहे. शाळेकडून अनुभवाचा दाखला मात्र तूच घे. लेटरहेडवर, रुजू झाल्याच्या तारखेसह, "फिजिक्स" असं स्पष्ट लिहून. तुमच्या मुख्याध्यापिका मे महिन्यात निवृत्त होतायत असं तू म्हणाली होतीस. नवीन माणूस जुन्या तारखांवर सही करायला कां-कू करतो, म्हणून त्यांच्याकडूनच घे.

आणि त्या एजंटला आज एक मेल टाक. वर्क परमिटचं नोटिफिकेशन लेटर कोणत्या संस्थेच्या नावाने निघणार आणि कधी, एवढंच विचार. काय उत्तर येतं ते मला पाठव, मी प्रिंट काढतो.

तुझे,
बाबा