आधी तपासणी, मग पथ्य

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, सोमवारपासून मी गहू बंद केलाय. बरं वाटतंय का बघते, मग जाईन डॉक्टरकडे." मावशी समोर बसली होती म्हणून मी जास्त बोलले नाही. आता सविस्तर लिहिते. आज रात्रीपासून पुन्हा पोळी खायला लाग. जिममधल्या मैत्रिणीला माझा नमस्कार सांग, पण या बाबतीत तिचं ऐकू नकोस.

मला जो सिलिअ‍ॅक निघाला, तो तुलाही आहे का हे आधी बघायचंय. या आजारात गहू-जवातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीर आपल्याच लहान आतड्याच्या अस्तराला इजा करतं. तपासणीत रक्तात टीटीजी-आयजीए नावाची अँटिबॉडी, म्हणजे शरीराने बनवलेलं एक प्रतिकारक द्रव्य, मोजतात, आणि सिलिअ‍ॅक असलेल्याच्या शरीरात ती ग्लुटेन पोटात जात असतं म्हणूनच तयार होत राहते. गहू बंद केला की ती उतरायला लागते, आतड्याचं अस्तरही सावरायला लागतं. मग आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. तेव्हा डॉक्टर म्हणणार, कित्येक आठवडे रोज गहू खा आणि परत या. एकदा सोडून बरं वाटू लागल्यावर पुन्हा तेच पोटात ढकलायचं म्हणजे जिवावर येतं. तुझे तर जेमतेम चार दिवस झालेत, एवढ्यात काही बिघडलं नसावं. पण मध्ये सोडला होता हे डॉक्टरांना आठवणीने सांग.

रक्त देताना एकूण आयजीएसुद्धा करायला सांग. आयजीए हा अँटिबॉडीचा एक प्रकार, टीटीजी-आयजीए त्यातलीच. काहींच्या अंगात मुळात आयजीएच फार कमी तयार होतं, मग टीटीजी उगाचच नॉर्मल दिसते.

तू म्हणशील, मला ना जुलाब ना पोटदुखी. मला तरी कुठे होती? हिमोग्लोबिन तेवढं कायम खाली, वरचेवर तोंड यायचं आणि केस गळायचे. वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या गिळल्या. एका डॉक्टरांनी तर सरळ सांगितलं, बायकांचं कमीच असायचं, पालेभाज्या खा. लोह शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, आणि सिलिअ‍ॅकमध्ये सगळ्यात आधी मार बसतो तोही तिथेच. त्या अस्तरावर मखमलीसारखे बारीक अंकुर असतात. माझे झिजून सपाट झाले होते. गोळ्या कितीही घेतल्या तरी अंगी लागणार कुठून? तुझंही हिमोग्लोबिन कॉलेजपासून वर येत नाही, तोंडही सारखं येतं. म्हणून मी मागे लागलेय. एकाला हा आजार निघाला की आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यात साधारण दहात एकाला तो सापडतो. दादाचा रिपोर्ट नॉर्मल आला, पण त्यालाही सांगितलंय की हे कायमचं सर्टिफिकेट नाही, काही त्रास वाटला तर पुन्हा बघायचं. जनुकांचीही एक तपासणी असते. तिच्यात डीक्यू-२ आणि डीक्यू-८ दोन्ही नसतील तर सिलिअ‍ॅक जवळपास बाद होतो. असले तरी घाबरायचं नसतं, ती जनुकं कितीतरी धडधाकट माणसांत असतात.

टीटीजी वाढलेली निघाली तर एंडोस्कोपी करतील, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून आतडं बघतील आणि तपासायला अस्तराचे बारीक तुकडे काढतील. घशात फवारा मारतात, तो कडू असतो आणि गिळलेलं कळेनासं होतं. डाव्या कुशीवर झोपवून दातांत प्लॅस्टिकची कडी देतात. मला नंतर घसा खवखवण्यापलीकडे काही झालं नाही, बाहेर बाबाच घामाघूम होऊन बसले होते. एक विचारून घे: तुकडे चार तरी घेणार ना? अस्तर सगळीकडे सारखं बिघडलेलं नसतं, एखादाच तुकडा घेतला तर नेमकी चांगलीच जागा हाती लागायची.

तुझ्या मैत्रिणीचं निरीक्षण टाकाऊ आहे असं नाही म्हणत मी. हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनाही, पाव बंद केला की हा आजार असलेली मुलं सुधारतात, असंच दिसलं होतं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिकडे दुष्काळ पडला, पाव मिळेना, तेव्हा ती गोष्ट आणखी ठळक झाली. पण डिके तेवढ्यावर थांबले नाहीत. मुलांना वेगवेगळी धान्यं देऊन नीट मोजमापं केली आणि १९५० मध्ये त्यावर प्रबंध लिहिला. नुसतं बरं वाटणं पुरावा होत नाही. गव्हात ग्लुटेनशिवायही पोट फुगवणारे घटक असतात, ते कमी झाले तरी हलकं वाटतं. आणि सिलिअ‍ॅक असेल तर पथ्य जन्मभराचं. एवढं मोठं पथ्य अंदाजाने कशाला करायचं?

गुरुग्रामला आहेस हे या बाबतीत चांगलंच आहे. उत्तरेत हा आजार जास्त दिसतो, त्यामुळे तिकडच्या डॉक्टरांना तो चांगला परिचयाचा आहे. दिल्लीच्या आसपास एम्सच्या डॉक्टरांनी पाहणी केली होती, २०११ मध्ये ती छापून आली. तिच्यात साधारण शंभरात एकाला तो निघाला. दक्षिणेत त्याहून कितीतरी कमी. जनुकं तिकडेही आहेत, पण ताटात भात. मीसुद्धा मंगळवेढ्याच्या ज्वारीवर वाढले, पोळी सणावारी. रोजची पोळी सुरू झाली लग्नानंतर. माझ्या आजाराचं खापर त्यावर फोडायचा मोह होतो, पण डॉक्टरांनी काही मान हलवली नाही. बाबा तेव्हापासून मला "सासरचा गहू बाधला" म्हणून चिडवतात.

समजा, निघालंच. तर पथ्य म्हणजे नुसती पोळी सोडणं नव्हे. माझे पहिले काही महिने फुकट गेले ते गिरणीमुळे. भाकरीच खात होते, तरी टीटीजी म्हणावी तशी उतरेना. मग बाबा एकदा गिरणीत उभे राहिले. आधीच्या बाईचा गहू निघाला की त्याच जात्यात आपली ज्वारी! "काका, गव्हावर नका टाकू" म्हटलं तर गिरणीवाले म्हणाले, "मूठभर पीठ मागचं राहणारच की." श्रावणात उपवासाचं दळण ते वेगळ्या दिवशी, गिरणी झाडून काढतात. देवासाठी जमतं, माझ्यासाठी नाही! शेवटी घरघंटी घेतली. तिच्यात ज्वारी, तांदूळ आणि नाचणीच. ज्वारी दळायच्या आधी ताटात पसरून निवडते, गव्हाचे दाणे निघतातच. पोळपाट-लाटणं वेगळं केलं, लाकडात पीठ मुरतं. तवा वेगळा. स्टीलची भांडी घासली की चालतात.

मग एकेक पदार्थ कळत गेले. खड्याच्या हिंगाची बाधा नसते, पण डबीतल्या बहुतेक हिंगात मैदा असतो, म्हणजे फोडणीलाच गहू. आपल्या मेतकुटात गहू, थालीपिठाच्या भाजणीत गहू, सातूच्या पिठात सातूही आणि गहूही. सातूत म्हणजे जवात ग्लुटेन असतंच. कुरडया तर गव्हाच्या चिकाच्याच. आता भाजणी मी गव्हाऐवजी ज्वारी जास्त घालून करते, आणि खरं सांगू, ती जास्त खुसखुशीत होते. होळीला पुरण वाटीत घेऊन तुपाशी खाल्लं, पोळीची आठवण आली नाही असं नाही. भात, वरण (हिंग बघून), भगर, राजगिरा, शिंगाडा, इडली हे सगळं चालतंच. हॉटेलातला साबुदाणा वडा मात्र नको, समोशाच्याच तेलात तळतात.

तुझ्याकडची जोखीम वेगळी. मक्याच्या रोटीत नीट वळावी म्हणून कणीक मिसळलेली असू शकते, विचारल्याशिवाय खाऊ नकोस. गोलगप्पे रव्याचे नाहीतर कणकेचे, टिक्कीत पावाचा चुरा. राजमा-चावल सहसा निभावतो. पाकिटावर 'मल्टिग्रेन' दिसलं की आत गहू आहेच असं धर. 'ग्लुटेन-फ्री' लिहायला किलोमागे जास्तीत जास्त २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, ते शब्द असलेलंच घे. पण त्या महागड्या बिस्किटांवर जगू नकोस, त्यात बहुधा नुसता स्टार्च आणि साखर.

माणसांचं काय करायचं हे मात्र कुठल्याच पाकिटावर लिहिलेलं नसतं. आत्यांकडे सत्यनारायण होता. शिऱ्याचा द्रोण हातात देऊन म्हणाल्या, "प्रसादाने काही होत नसतं." मी कपाळाला लावला आणि बाबांना दिला. गेल्या वर्षभरात माझ्या वाटचे सगळे शिरे, करंज्या, शंकरपाळ्या त्यांनी खाल्ल्यात. बेल्ट बदलावा लागला. आत्या थोड्या फुगल्या होत्या, आता आपणहून माझ्यासाठी केळं बाजूला ठेवतात.

माझं म्हणशील तर गोळ्या त्याच आहेत, पण हिमोग्लोबिन आता वर येतंय. आतडं पूर्ण भरून यायला माझ्या वयात वर्ष-दोन वर्षंही लागतात म्हणे. हाडांची घनता थोडी कमी निघाली, त्याचं औषध चालू आहे. तुला हे तिशीच्या आतच कळलं तर हाडांचं तरी वेळेवर बघता येईल.

शनिवारी सुट्टी आहे ना, तेव्हाच रक्त दे. या तपासणीला उपाशीपोटी जावं लागत नाही. रिपोर्ट आला की आधी बाबांना व्हॉट्सअ‍ॅप कर, नाहीतर ते मला दर तासाला विचारत बसतील. ज्वारीचं पीठ रिपोर्ट आल्याशिवाय पाठवणार नाही. शेजारच्या जोशीकाकूंचा मुलगा पुढच्या आठवड्यात दिल्लीला येतोय, त्याच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी पाठवतेय. डबे परत आण, मागचे दोन तिकडेच आहेत.

तुझी,
आई