डिमर बसवण्याआधी होल्डरमधला बल्ब पाहा

मा. संपादक,

मी मिरजेत २९ वर्षं वायरिंगची कामं करतो. आयटीआयमधून तारतंत्रीचा कोर्स केला, परवाना काढला, तेव्हापासून खिशात टेस्टर आहे. गेल्या महिन्यात मला चौथीला शिकवणाऱ्या बाईंचा फोन आला. "अरे, हॉलचं झुंबर सारखं लुकलुकतंय, माझं डोकं दुखायला लागलंय. येऊन बघून जा." त्या घरात जे पाहिलं, तसंच आता बऱ्याच घरांत होऊ लागलंय. म्हणून हे पत्र.

बाईंच्या यजमानांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं आणि बाथरूमची वाट हॉलमधून जाते. लख्ख दिवा लावला की पुन्हा झोप लागत नाही, अंधारात चालायची भीती. पुण्याहून आलेल्या मुलानं यावर उपाय म्हणून डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण, मागवला आणि हॉलचं बटण काढून त्या जागी स्वतःच बसवला. वडिलांच्या काळजीपोटीच केलं त्यानं, त्यात काही वाद नाही.

झुंबरात नऊ-नऊ वॅटचे तीन साधे एलईडी बल्ब होते. डिमर अर्ध्यावर आणला की तिन्ही थरथरायचे. आणखी खाली आणला की एक विझायचा, दोन तसेच राहायचे, आणि बोर्डातून बारीक गुणगुण ऐकू यायची. एक बल्ब आठ दिवसांत गेला होता.

हे का होतं ते सांगतो. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची आणि ५० सायकलची. म्हणजे सेकंदाला शंभर वेळा ती शून्यावर येऊन पुन्हा चढते. डिमरमधला ट्रायक, म्हणजे एक इलेक्ट्रॉनिक स्विच, दर वेळी थोडा उशिरा चालू होतो आणि विजेच्या या चढ-उताराच्या लाटेचा सुरुवातीचा तुकडा कापून टाकतो. जुन्या पिवळ्या बल्बची तार तापलेलीच असते, ती मधल्या मधे गार होत नाही, त्यामुळे उजेड सावकाश मंद होतो. एलईडी बल्बच्या पोटात मात्र एक छोटं सर्किट असतं, त्याला आम्ही ड्रायव्हर म्हणतो. त्याला पूर्ण लाट लागते. कापलेली लाट मिळाली की तो कधी चालतो, कधी बंद पडतो, आणि असं सतत झालं की जळतो. डिमरवर चालणारे एलईडी बल्ब वेगळे येतात, थोडे महाग असतात. शिवाय त्या डिमरच्या मागं ६० ते ४०० वॅट असं छापलेलं होतं. तीन बल्ब मिळून भरतात २७ वॅट. साठाच्या खालचा लोड त्याला पेलतच नव्हता.

पण मला खरी धास्ती दुसऱ्याच गोष्टीनं बसली. गेलेला बल्ब बदलताना मुलाच्या हाताला झटका बसला होता, हे बाईंनी मी निघता निघता सांगितलं. डिमर तर बंद होता म्हणे. मी परत आत आलो, डिमर सोडवला, होल्डरमध्ये टेस्टर लावला. टेस्टर पेटला. घर १९८६ सालचं, पाइपात सगळ्या तारा एकाच रंगाच्या, आणि कुणीतरी त्या वेळी हॉलचं बटण फेजवर, म्हणजे करंट येणाऱ्या तारेवर, न घेता न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर, घेतलेलं. बटण बंद केलं की दिवा विझायचा, पण होल्डरपर्यंत करंट कायम उभा. इतकी वर्षं त्या होल्डरखाली कुणी ना कुणी स्टुलावर उभं राहून बल्ब बदलत होतं. मुलाला बोर्ड उघडल्यावर हे कळायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. टेस्टरशिवाय ते दिसतच नाही. पण मेन स्विच पाडल्याशिवाय बोर्डाला आणि होल्डरला हात लावू नये, एवढं तरी प्रत्येकाला ठाऊक हवं.

आणखी एक. आपल्याकडे एका बटणावरून दुसऱ्या बटणाला फेजचा लूप दिलेला असतो. त्यामुळे एका स्क्रूखाली दोन तारा निघतात. नवखा माणूस एक तार डिमरला लावतो, दुसरीला टेप गुंडाळून मागं ढकलतो आणि मग पंखा का चालत नाही म्हणून विचारतो. जिन्याचा एकच दिवा खालून-वरून लावायच्या टू-वे बटणाला तर साधा डिमर चालतच नाही. टू-वेचा डिमर वेगळा मागावा लागतो आणि तोही दोन टोकांपैकी एकाच टोकाला लावायचा.

बाईंच्या घरी मी फेज बटणावर घेतला, साधं बटण परत बसवलं आणि बाथरूमच्या वाटेवर जमिनीपासून फूटभर उंचीला अर्ध्या वॅटचा फूटलाइट दिला. यजमानांना पावलापुरता उजेड मिळतो. वीज वाचेल म्हणून डिमर लावा, असं पुष्कळ जण सांगतात. पिवळ्या बल्बचा उजेड अर्धा केला म्हणून त्याची वीज अर्धी होत नाही, अर्ध्यापेक्षा बरीच जास्त लागते. तेव्हा डिमर लावावा तो डोळ्यांच्या सोयीसाठी, बिलासाठी नाही.

त्या बल्बचा खोका बाईंनी ठेवला होता. डिमरवर वापरू नये, असं त्यावर लिहिलेलं होतं. खालच्या बाजूला, बारकोडशेजारी, इंग्रजीत, इतक्या बारीक अक्षरांत की मला चष्मा लावून मोबाइलचा टॉर्च मारावा लागला. २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे किंमत, नग वगैरे मजकूर देवनागरी हिंदीत किंवा इंग्रजीत असला की भागतं. विजेच्या वस्तूंवरच्या सुरक्षेच्या सूचना तरी महाराष्ट्रात मराठीत, खोक्याच्या पुढच्या बाजूला आणि ठळक असाव्यात, अशी माझी शासनाकडे आणि भारतीय मानक ब्युरोकडे मागणी आहे. डिमर चालतो की नाही, याचं नुसतं एक चित्र छापलं तरी न वाचता येणाऱ्याला कळेल.

तोवर इलेक्ट्रिकच्या दुकानदारांना विनंती. डिमर मागणाऱ्या गिऱ्हाइकाला बल्ब कोणता आहे आणि किती आहेत, हे विचारा. काउंटरवर एक डिमर आणि एक होल्डर जोडून ठेवायला वीतभर जागा पुरते. त्यात त्याचाच बल्ब लावा, उजेड अगदी खालपर्यंत आणून दाखवा आणि मगच बिल करा.

आपला नियमित वाचक,
एक तारतंत्री, मिरज