डिकीतला दिवा शोधून देणाऱ्या काकांना

काका, साष्टांग नमस्कार.

समोर येऊन थँक्यू म्हटलं की तुम्ही "अरे ठीक आहे, चहा घेणार का" म्हणून विषय बदलता. आता तर गणपतीला गावी गेलायत, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, कारण हे कुठेतरी नीट सांगायलाच हवं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. माझी जुनी पेट्रोल गाडी, शुक्रवारी रात्री नेरुळला सोसायटीत लावली की शनिवार रविवार हलायची नाही आणि सोमवारी सकाळी सेल्फ मारला की नुसतं टकटक टकटक. रोज चालवली की काहीच प्रॉब्लेम नाही. एका गॅरेजवाल्याने बॅटरी गेली म्हणून नवी घालून दिली, पंधरा दिवसांनी परत तेच, मग दुसऱ्याने अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरतो तो) गेलाय, अकरा हजार होतील असं सांगितलं, आणि मी हो म्हणायच्याच बेतात होतो. त्यातच आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, सोमवारी साडेनऊला वाशीला तपासायला न्यायचं होतं, बाहेर धो धो पाऊस, गाडी बंद, आणि आई काळा गॉगल लावून गेटवर रिक्षाची वाट बघत उभी. त्या दिवशी मला खरंच रडू यायचं बाकी होतं. तुम्ही दूध घेऊन येत होतात, तुम्ही आईला छत्रीत घेतलंत, रिक्षा थांबवलीत, आणि मला एवढंच म्हणालात, "अल्टरनेटर बदलू नकोस. संध्याकाळी खाली येतो."

संध्याकाळी तुम्ही व्होल्ट आणि करंट मोजायचा मीटर घेऊन आलात आणि तो माझ्या हातात दिलात. इथेच मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत काका. सानपाडा कारशेडमध्ये लोकलच्या वायरिंगवर सगळी नोकरी काढलेला माणूस, तुम्ही स्वतः केलं असतंत तर अर्ध्या तासात झालं असतं, पण तुम्ही बाजूला स्टूल टाकून बसलात आणि प्रत्येक गोष्ट माझ्याकडून करून घेतलीत.

बॅटरीला ११.७ व्होल्ट. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी पडून असताना १२.६ च्या आसपास दाखवते, ११.७ म्हणजे जवळपास रिकामी. रात्रभर तुमच्या चार्जरवर लावली, दुसऱ्या दिवशी गाडी लगेच चालू झाली, इंजिन चालू असताना मोजलं तर १४.१. "बघ, अल्टरनेटर भरतोय की व्यवस्थित. भरतंय पण कुणीतरी गुपचूप पितंय." एवढ्या एका आकड्याने माझे अकरा हजार वाचले, आणि तो आकडा त्या गॅरेजात कुणी घेतलाच नव्हता.

मग खरं काम शनिवारी. दहाचा पाना घेऊन आधी मायनस सोडवायचा, प्लस नाही, कारण प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला तर सरळ शॉर्ट. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात, आणि मीटर बॅटरीचा मायनस आणि सुटलेली केबल यांच्या मधे, म्हणजे गाडी जो काही करंट घेईल तो मीटरमधून जाईल. तीन वेळा बजावलंत की आता चुकूनही चावी फिरवायची नाही, सेल्फ शंभरच्या वर अँपिअर ओढतो, मीटरचा फ्युज उडेल. आणि काम झालं की लाल वायर परत व्होल्टच्या भोकात, नाहीतर पुढच्या वेळी व्होल्ट मोजायला जाशील आणि बॅटरी शॉर्ट करशील. हे मी आता मीटरच्या पाठीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलंय.

डिकी बंद, दारं बंद, गाडी लॉक, आणि अर्धा तास वाट बघायची कारण आतले कंट्रोलर झोपायला वेळ घेतात. त्या अर्ध्या तासात चहा झाला आणि तुम्ही हार्बर लाईनच्या गोष्टी सांगितल्यात. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली इलेक्ट्रिक गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि हार्बरवरचं ते डीसी जाऊन २५ हजार व्होल्ट एसी यायला २०१६ उजाडलं. तुम्ही दोन्हीवर काम केलंत आणि १२ व्होल्टच्या गाडीसमोर पण तितक्याच गंभीरपणे बसलेलात, हे मला फार भावलं.

मीटरवर ०.४४ अँपिअर. झोपलेल्या गाडीने साधारण ०.०२ ते ०.०५ घ्यायला हवं, म्हणजे जवळपास दहापट. तुम्ही वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर हिशोब मांडलात, शुक्रवार रात्र ते सोमवार सकाळ धरून साठ तास, म्हणजे २६ अँपिअर-अवर गेले, बॅटरीच ३५ अँपिअर-अवरची. सोमवारचं टकटक कागदावर उतरलं.

मग एकेक फ्युज उपसायचा आणि आकडा बघायचा. (नव्या गाड्यांत फ्युज उपसला की झोपलेलं काहीतरी जागं होतं, तिथे फ्युजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजायचे, हेही तुम्हीच सांगितलंत.) रूम लॅम्पचा लाल १० अँपिअरचा फ्युज काढला आणि आकडा धपकन ०.०२ वर. त्या फ्युजवर आतला दिवा, स्टिरिओची मेमरी आणि डिकीतला दिवा. आतला बल्ब काढला, फरक नाही. स्टिरिओचा कनेक्टर काढला, फरक नाही. राहिली डिकी.

मी म्हणालो, डिकीचा दिवा तर उघडल्यावर बरोबर लागतो. तुम्ही म्हणालात, "आणि बंद केल्यावर?" मी गप्प. मोबाईलवर व्हिडिओ चालू करून डिकीत ठेवला, डिकी लावली, मिनिटाने काढून बघितला, दिवा पूर्ण वेळ चालू! पाच वॅटचा बल्ब, भागिले बारा, ०.४ अँपिअर. किती महिने तो तिथे अंधारात जळत होता देव जाणे.

मी लगेच स्विच बदलायला निघालो होतो, तुम्ही परत थांबवलंत. डिकीच्या दिव्याला प्लस कायम असतो, स्विच फक्त अर्थ देतो, तर लॅचचा (डिकीच्या कुलपाचा, स्विच त्यातच असतो) कनेक्टर काढून बघ. काढला, दिवा चालूच. म्हणजे स्विच निर्दोष, वायर मधेच कुठेतरी बॉडीला टेकतेय. मग डिकीच्या दाराकडे जाणारं रबरी बेलो, म्हणजे ज्यातून वायरी जातात ती रबरी नळी, हाताने वाकवलं आणि दिवा विझला. सोडलं, पेटला. अंगावर काटा आला काका, खरंच. मागच्या वर्षी रिव्हर्स कॅमेरा बसवताना तिथूनच वायर घातलेली, रबर परत भोकात नीट बसवलंच नव्हतं, पत्र्याच्या धारेवर घासून घासून वायर सोललेली आणि आतलं तांबं हिरवं पडलेलं.

जोड देताना सुद्धा तुम्ही घाई करू दिली नाहीत. जिथे वायर वाकते तिथे सोल्डर नको, कडक होते आणि शेजारीच तुटते, म्हणून जोड आत बॉडीत घेतला, वायर थोडी सैल ठेवली, वर हीट श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी नळी), आणि रबर भोकात पूर्ण बसेपर्यंत दाबायला लावलंत. परत अर्धा तास, परत चहा, मीटरवर ०.०३.

पैशाचं नाव काढलं तर तुम्ही रागावलात, आईने पाठवलेली अळूवडी मात्र घेतलीत. आईने सांगितलंय की दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला काकांनाच घेऊन जायचं, गाडी चालवायला मी असलो तरी.

लॅमिंग्टन रोडवरून मी स्वतःचा मीटर आणलाय. तुमची स्कूटर सांगितल्याप्रमाणे दर तीन दिवसांनी चालू करतोय, आणि आता चालू करायच्या आधी मोजतो पण. काल सकाळी १२.५ होतं. सावकाश या.