वीज हवी की गारवा, हे विचारणाऱ्या आमच्या लेकीस

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नाव छापू नका असं तू बजावलंस, म्हणून ताई म्हणतो. पाचवीच्या वर्गात सगळी पोरं तुला हेच म्हणायची. पत्र मात्र उघडं लिहितोय. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, पांझरा नदीकाठी, अशी कितीतरी गावं आहेत जिथलं संध्याकाळचं दूध विजेच्या भरवशावर रात्र काढतं. त्यांच्याही कानावर हे जावं.

त्या वर्षीचा चैत्र मला विसरता येत नाही. संध्याकाळी वावटळ सुटली, खांब पडले, लाईट गेली. वर्गणी काढून बसवलेली 5 किलोवॅटची सोलर पॅनेल आमच्या दूध डेअरीच्या छपरावर शाबूत होती, पण रात्री त्यांचा काय उपयोग? त्यांच्यासोबत घेतलेल्या बॅटऱ्या दुसऱ्याच उन्हाळ्यात फुगून बसल्या होत्या. पहाटे टाकीचं झाकण उघडलं आणि आंबूस वास आला. ढवळून पाहिलं तर कडेला बारीक कण चिकटलेले. 400 लिटर दूध नासलं. टँकरवाल्याने तपासलं आणि मान हलवली. दोनच म्हशींवर घर चालवणाऱ्या बायांच्या नावापुढे त्या दिवशी शून्य लिहायचं काम माझ्या हाताने झालं. चाळीस वर्षं फळ्यावर लिहिलं, पण एवढा जड खडू कधी वाटला नव्हता.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तू माहेरी आलीस. सगळ्या लेकीबाळी झोक्यावर, आणि तू डेअरीच्या ओट्यावर रजिस्टर मांडीवर घेऊन बसलेली. नव्या बॅटऱ्यांचं कोटेशन आम्ही तुझ्यापुढे ठेवलं आणि म्हणालो, एवढं बरोबर आहे का बघ. तू आकडा पाहिलाच नाहीस. विचारलंस, "गुरुजी, रात्री तुम्हाला वीज हवीय का गारवा?"

मी म्हणालो, "गारवा."

"मग गारवाच साठवा की."

त्या एका वाक्याने आमची घोडचूक उलगडली. आम्ही ऊन पकडायचो, त्याची वीज करायचो, ती बॅटरीत कोंबायचो, रात्री बाहेर काढून पुन्हा कॉम्प्रेसरला द्यायचो, तेव्हा कुठे दूध गार व्हायचं. बरं, शिशाच्या बॅटरीला 25 अंशाच्या आसपासचं वातावरण मानवतं. त्यावर दर 10 अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, हे तू सांगितलंस. आमच्याकडे पत्र्याखाली 45 च्या पुढे जातं. विकणाऱ्याने हे आधी सांगायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

त्यापेक्षा दिवसा उन्हावर बर्फच करून ठेवायचा आणि रात्री त्यानेच दूध गार करायचं. मग तू रजिस्टरच्या मागच्या पानावर गणित मांडलंस. 400 लिटर दूध 35 अंशांवरून 4 वर आणायचं. एक किलो बर्फ वितळताना 80 लिटर पाणी एका अंशाने गार होईल एवढी उष्णता शोषतो. म्हणजे दीडशे किलोच्या आसपास बर्फ लागेल, रात्रभराची गळती धरून दोनशे. एवढा बर्फ दिवसा करायला 8 ते 10 युनिट, आणि आमची पॅनेल स्वच्छ उन्हात 20 युनिट देतात. सातवीच्या पोरालाही कळेल असं ते गणित. ते पान मी फाडू दिलेलं नाही, त्या रजिस्टरला आता प्लास्टिकचं कव्हर घातलंय.

त्या रात्री तू अंगणात जे सांगितलंस ते गाव अजून एकमेकांना सांगतं. अलास्कात बेरिंग समुद्राच्या काठावर काँगिगनाक नावाचं छोटं गाव आहे. डिझेल येतं ते जहाजाने, आणि समुद्र गोठला की तेही नाही. त्यांनी पवनचक्क्या उभारल्या आणि रात्री जास्तीचा वारा सुटला की ती वीज घराघरातल्या शेगड्यांमध्ये ठेवलेल्या विटा तापवायला सोडली. वारा थांबला तरी विटा घर उबदार ठेवतात. त्यांना हवी होती ऊब, म्हणून त्यांनी ऊबच साठवली. डेन्मार्कच्या एअरो बेटावर मार्स्टालच्या लोकांनी तर 75,000 घनमीटरचा खड्डा खोदला, आपल्या शेततळ्यासारखंच प्लास्टिक अंथरलं, वरून जाड पांघरूण घातलं आणि उन्हाळ्यातलं तापवलेलं पाणी हिवाळ्यासाठी ठेवलं. 2012 पासून ते चालू आहे. ती संस्था ग्राहकांचीच, सहकारी. शेततळ्याचं नाव निघताच मागे बसलेले शेतकरी पुढे सरकले, आठवतं? तोवर त्यांना ही सगळी साहेबी गोष्ट वाटत होती.

सर्वांत जास्त रुजली ती स्कॉटलंडच्या इग बेटाची गोष्ट. ग्लासगोला शिकत असताना मॅलेग बंदरातून बोटीने तू तिथे गेली होतीस. शंभर-सव्वाशे माणसांचं बेट. 1997 साली लोकांनी ते स्वतःच विकत घेतलं आणि 2008 मध्ये पाणी, वारा आणि ऊन यांची स्वतःची वीज सुरू केली. नियम एकच, पण कडक. घराला एका वेळी 5 किलोवॅट, व्यवसायाला 10. त्याच्यावर ओढलं की त्या घराची वीज तुटते. जास्तीची वीज गावाचा हॉल आणि चर्च उबदार ठेवायला जाते.

हे ऐकून आमचे अप्पा उठले. "आरे, हाऊ ते आपला फड शे!" आणि खरंच होतं ते. फड म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावाने वाटून घ्यायची आमची जुनी पद्धत. पांझरेच्या बंधाऱ्यावर शेकडो वर्षं असंच चालत आलं: एका फडात एकच पीक, पाटकरी पाणी सोडणार, जागल्या राखण करणार, आणि पाळी मोडणाऱ्याला गाव विचारणार. समुद्रापलीकडचं शहाणपण तू आणलंस खरं, पण आमच्याच घरातलं हरवलेलं भांडं सापडल्यासारखं वाटलं. मग नियम ठरवायला तासही लागला नाही. अकरा ते तीन फक्त बर्फ. बर्फ भरला की उरलेली वीज शेजारच्या अंगणवाडीच्या पंख्यांना. पिठाच्या गिरणीला नाही, कितीही आग्रह झाला तरी नाही.

बर्फाची टाकी बसवायला दीड महिना गेला. ती कटकट तुला माहीतच आहे, लिहीत नाही. पण पहिल्या दिवसाचं सांगतो. दुपारी दोन वाजता झाकण उचललं. आत तांब्याच्या नळ्यांवर मक्याच्या कणसाएवढा जाड पांढरा थर चढलेला, आणि बाहेर पत्रा हात लावू देत नव्हता. बाया एकेक करून पुढे येत, नळीला बोट लावत आणि बोट कपाळाला लावत. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना हे. संध्याकाळी लाईट गेलेलीच होती. एका छोट्या पंपाने बर्फाभोवतीचं गार पाणी दुधाच्या टाकीभोवती फिरत राहिलं. तेवढ्या पंपापुरती आणि दुधाचं फॅट मोजायच्या मशीनपुरती एकच बॅटरी आम्ही ठेवलीय, तीही सावलीत. पहाटे काटा 4 वर होता.

श्रावणात सलग ऊन नव्हतं तेव्हा मी घाबरून फोन केला. तू म्हणालीस, बर्फाला काय कळतंय वीज कुठून आली ते, पहाटे लाईट असते तेव्हा करून घ्या. तसंच केलं. तुझ्याकडे तेव्हा किती वाजले होते हे नंतर लक्षात आलं. क्षमा कर.

तुझे आभार नेमके कशाचे मानू? तू पैसे घेतले नाहीस. नव्या बॅटऱ्यांवर जाणारी आमची वर्गणी तू वाचवलीस. लिथियमची बॅटरी चांगली आहे पण तुम्हाला तिची गरज नाही, हे तोंडावर सांगितलंस. आणि बायांना तू त्या टाकीजवळ उभं केलंस. गॅस्केट बदलणं, काटा वाचणं, सगळं आता त्याच करतात, मेकॅनिकची वाट बघत नाहीत. माझ्यासाठी यापेक्षा मोठी गुरुदक्षिणा नाही.

सोमवारी नदीपलीकडच्या गावची माणसं टाकी बघायला येताहेत. त्यांना मी आधी दूध किती ते विचारणार, मग तुझं पान उघडणार. आखाजीला ये. यंदा झोक्यावर बसायचं, डेअरीच्या ओट्यावर नाही.

तुझे,
गुरुजी
(आणि खाली अंगठे नाहीत, सह्या आहेत, डेअरीच्या सगळ्या बायांच्या)