बांबूचे रोप घेताना विचारायचा प्रश्न

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घराच्या बागेत आडोसा म्हणून बांबू लावण्याची आवड वाढते आहे आणि तिच्या पाठोपाठ तक्रारीही वाढत आहेत. कोणाच्या अंगणातील फरशी उचलली जाते, तर कोणाच्या शेजाऱ्याच्या वाफ्यात एके दिवशी टोकदार कोंब वर येतात. असे अनुभव ऐकून ‘बांबू घराजवळ नकोच’ असा सरसकट निकाल देणारी मंडळी भेटतात, परंतु तो निकाल घाईचा आहे असे मला वाटते. बांबूच्या चौदाशेहून अधिक जाती आहेत आणि त्या सर्वांना एकाच मापाने मोजणे योग्य नाही. रोप घेताना ‘याचा कंद जमिनीखाली कसा वाढतो?’ एवढे विचारले जात नाही, आणि बहुतेक भांडणांचे मूळ तिथेच असते.

बांबू हे गवताच्या कुळातील झाड असून जमिनीखालील त्याचा कंद म्हणजे मूळ नव्हे, तर पेरे आणि डोळे असलेले खोडच असते. काही जातींत हा कंद आखूड व जाड असतो आणि त्याचे टोकच वर वळून काठी होते. त्यामुळे नवी काठी जुनीला लागूनच उभी राहते आणि बेट दरवर्षी थोडेथोडे रुंदावते. बांबुसा आणि डेंड्रोकॅलॅमस या प्रजातींतील बांबू असे बेटाने वाढणारे आहेत. फायलोस्टॅकिस, सासा, प्लायोब्लास्टस यांसारख्या प्रजातींत मात्र कंद बारीक व लांब असतो, तो जमिनीला समांतर धावत राहतो आणि त्याच्या बाजूच्या डोळ्यांतून काठ्या फुटतात. माती भुसभुशीत व ओलसर असली तर असा कंद एका हंगामात काही मीटर पुढे जाऊ शकतो. पिवळ्या काठ्यांमुळे लोकांना भुरळ घालणारा फायलोस्टॅकिस ऑरिया याच गटातला. (‘लकी बांबू’ म्हणून काचेच्या भांड्यात ठेवतात ते रोप बांबूचे नसून ड्रॅसिना या वेगळ्याच झाडाचे असते. त्याची भीती कोणी बाळगू नये.)

धावता बांबू फसवतो तो सुरुवातीच्या शांततेमुळे. पहिली दोन-तीन वर्षे तो जमिनीखाली जम बसवत असतो, वर फारसे काही दिसत नाही, आणि मालक निर्धास्त होतो. मग एका हंगामात अनपेक्षित ठिकाणी कोंब दिसू लागतात, तोवर कंदांचे जाळे दूरवर गेलेले असते. म्हणून अडथळा घालायचा तर लागवडीच्या वेळीच घालावा. त्यासाठी दीड ते दोन मिलिमीटर जाडीचा एचडीपीई प्लास्टिकचा पडदा साठ ते पंचाहत्तर सेंटिमीटर खोल चरात उभा पुरतात, त्याची वरची कड बांबूपासून दूर किंचित कललेली ठेवतात आणि सुमारे पाच सेंटिमीटर भाग जमिनीच्या वर राहू देतात. कलामुळे पडद्यावर आदळलेला कंद खाली बुडी मारण्याऐवजी वर वळतो, आणि उघड्या कडेवरून तो पलीकडे जाऊ लागला की नजरेस पडतो व छाटता येतो. ती कड सुंदर दिसत नाही म्हणून मातीने झाकून टाकणारे लोक अडथळ्याचा अर्धा उपयोग घालवून बसतात. पडद्याची दोन टोके जिथे जुळतात तिथे धातूची पट्टी घट्ट आवळलेली हवी, कारण कंदाला फट पुरते.

पडदा नको असेल तर बेटाभोवती सुमारे तीस सेंटिमीटर खोल चर खणून तो मोकळा ठेवावा आणि वर्षातून दोनदा त्यात उतरलेले कंद धारदार कुदळीने तोडावेत. हे कंद बहुधा मातीच्या वरच्या थरातच फिरतात, म्हणून हा उपाय चालतो. मात्र एक वर्ष आळस केला की मागचे श्रम वाया जातात. कुंडीत लावल्याने प्रश्न कायमचा सुटतो असेही नाही. कुंडी मातीवर टेकलेली असेल तर तळाच्या छिद्रातून कंद बाहेर पडतो, शिवाय काही वर्षांनी गड्डा काढून विभागला नाही तर कुंडी तडकते.

बेटाच्या बांबूला पडदा लागत नाही, पण निगा लागते. काठी जमिनीतून येते ती पूर्ण जाडी घेऊनच. दोन-तीन महिन्यांत ती उंची गाठते आणि त्यानंतर जाड होत नाही. त्यामुळे तीन-चार वर्षांच्या पक्व काठ्या बेटाच्या आतून काढत राहाव्यात आणि वर्षभराच्या कोवळ्या काठ्यांना हात लावू नये, कारण पुढच्या कोंबांना अन्न त्यांच्याकडूनही मिळते. काप पेराच्या गाठीच्या अगदी वर घ्यावा, म्हणजे उरलेल्या खुंटात पाणी साठत नाही. भिंतीपासूनचे अंतर ठरवताना जातीची पूर्ण उंची आधी जाणून घ्यावी. डेंड्रोकॅलॅमस जायगँटियस पंचवीस-तीस मीटर वाढतो आणि घराच्या बागेत तो कोणी लावू नये. कुंपणासाठी बांबुसा मल्टिप्लेक्ससारखी छाटणी सोसणारी जात अधिक शहाणपणाची आहे.

पसरलेला बांबू काढायचा तर मीठ किंवा डिझेल ओतण्याचे सल्ले मिळतात. त्याने मातीचे नुकसान होते, आणि कंद तरीही तग धरू शकतो. आधी कुंपणाच्या रेषेवर कंद तोडून दोन्ही बाजू वेगळ्या कराव्यात, जमेल तितके कंद खणून काढावेत आणि नंतर येणारा प्रत्येक कोंब पाने फुटण्याआधी छाटावा. पाने न मिळाल्याने कंदातील साठा हळूहळू संपतो. यास दोन-तीन वर्षे लागू शकतात आणि शेजाऱ्याने सहकार्य केले नाही तर त्याहून जास्त.

म्हणून माझी रोपवाटिकांना विनंती आहे की, प्रत्येक बांबूच्या रोपावर त्याचे शास्त्रीय नाव, बेटाचा की धावता हा प्रकार, आणि पूर्ण वाढीची उंची लिहिलेली चिठ्ठी लावावी. आपल्या दैनिकातील बागकामविषयक लेखांतही बांबूची शिफारस करताना नुसते ‘शोभेचा बांबू’ असे न लिहिता या तीन गोष्टी द्याव्यात, आणि पूर्वी सुचवलेल्या जातींपैकी धावत्या कोणत्या, हे एखाद्या अंकात स्पष्ट करावे.

कळावे,
आपला,
एक बागप्रेमी वाचक