मॉस्फेट बंद, तरी प्रवाह चालू

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत घरच्या घरी सौर दिवा तयार करण्याविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, त्यातील आकृतीत पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये एकच एन-चॅनेल मॉस्फेट (गेट या टोकावरील व्होल्टेजने ड्रेन आणि सोर्स या दोन टोकांमधला प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) असून ‘गेटवरील व्होल्टेज काढले की प्रवाह थांबतो’ असे म्हटले आहे. हे विधान एकाच दिशेपुरते खरे आहे.

मॉस्फेटची बॉडी, म्हणजे तो ज्यावर घडवलेला असतो तो सिलिकॉनचा थर, आतूनच सोर्सला जोडलेली असते. त्यामुळे बॉडी आणि ड्रेन यांच्यातील पी-एन जोड हा सोर्सकडून ड्रेनकडे प्रवाह जाऊ देणारा डायोड, म्हणजे एकाच दिशेने उघडणारी झडप, ठरतो. तो कोणी मुद्दाम बसवलेला नसतो (पुष्कळ पाठ्यपुस्तकांतील चिन्हात तो दाखवतही नाहीत) आणि त्याच्यावर गेटचा ताबा चालत नाही. गेट बंद असले तरी सोर्सचे व्होल्टेज ड्रेनपेक्षा साधारण ०.७ व्होल्टने वर गेले की त्यातून प्रवाह वाहू लागतो.

लेखातील जोडणीत या डायोडचे तोंड बॅटरीकडे ठेवले, तर बॅटरी पूर्ण भरल्यावरही चार्जिंग थांबवता येत नाही, आणि ते पॅनेलकडे फिरवले, तर चार्जिंग आवरते खरे, पण सूर्यास्तानंतर बॅटरी त्याच वाटेने पॅनेलमध्ये झिरपत राहते. एकट्या मॉस्फेटकडून दोन्ही कामे होणार नाहीत. एकसर जोडणीत शॉटकी डायोड (साध्या डायोडपेक्षा कमी व्होल्टेज खाणारा) घालणे हा जुना उपाय आहे. मात्र त्यावर ०.५ व्होल्ट पडत असतील, तर १० अँपिअरला ५ वॅट नुसती उष्णता होते. त्याऐवजी ५ मिलिओहमचे दोन मॉस्फेट पाठीला पाठ लावून, म्हणजे त्यांच्या आतल्या डायोडांची तोंडे विरुद्ध दिशांना ठेवून, जोडल्यास तेवढ्याच प्रवाहाला १ वॅट खर्ची पडतो.

विजेच्या मोटारीच्या सर्किटात, जिथे मॉस्फेट एकावर एक असे जोडीने असतात, हाच डायोड उपयोगी पडतो, कारण वरचा मॉस्फेट बंद होऊन खालचा चालू होईपर्यंत गुंडाळीतला प्रवाह त्यातूनच वाट काढतो. तेव्हा दोष डायोडचा नाही, तो विसरण्याचा आहे.

ज्यांना शंका असेल त्यांनी मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून सुट्या एन-चॅनेल मॉस्फेटच्या सोर्सला लाल आणि ड्रेनला काळी पिन लावून पाहावी, ०.५ च्या आसपास आकडा दिसेल.

आकृती पुन्हा छापणार असाल, तर दोन्ही मॉस्फेटचे सोर्स एकमेकांना आणि गेट एकमेकांना जोडलेले दाखवावेत, आणि गेटचे व्होल्टेज बॅटरीच्या ऋण टोकापासून नव्हे, तर या सामाईक सोर्सपासून मोजायचे असते, एवढी ओळ खाली जरूर द्यावी.

आपला,
इलेक्ट्रॉनिक्सचा एक निवृत्त शिक्षक, सातारा