मूल एक, याद्या पाच

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलांसाठी सगळ्यांनी मिळून काम करायला हवे, याबद्दल इंदुरात कुणाचे दुमत नाही. बैठक भरते, पोहे-जलेबी होते, फोटो निघतो, पुढची तारीख ठरते. महिला-बालविकास, आरोग्य, शिक्षण, नगर निगम, पोलीस, संस्था, मोहल्ल्यातली मंडळे असे सगळे एका खोलीत असतात. मुलांची सामाईक यादी मात्र त्या खोलीत नसते. प्रत्येकाची आपापली यादी आपापल्या मोबाइलमध्ये असते. आमच्या मते भागीदारीची कसोटी एवढीच: वस्तीची एकच वही आहे का, आणि वहीतल्या अडलेल्या मुलापुढे कुणा एकाचे नाव व तारीख लिहिली आहे का.

अंगणवाडीची यादी पोषण ट्रॅकरमध्ये, लसीकरणाची यू-विनमध्ये, शाळेची यू-डायसमध्ये; तिन्ही वेगवेगळ्या सरकारी संगणकीय नोंदी. वर समग्र (मध्य प्रदेश सरकारची कुटुंबनोंदणी) आणि आधार. समग्रमध्ये कुटुंबाचा क्रमांक आठ आकडी आणि सदस्याचा नऊ आकडी. एकाच्या जागी दुसरा भरला की अर्ज तिथेच अडकतो. आपल्या मराठी घरांची त्यात आणखी एक भर. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही आपली पद्धत. इथल्या हिंदी फॉर्मात वडिलांच्या नावाला वेगळा रकाना, म्हणून भरणारा मधले नाव गाळून टाकतो. आधारवर तीन शब्द, समग्रवर दोन, शाळेच्या रजिस्टरात ऱ्हस्व-दीर्घाचा तिसराच प्रकार. नववीत शिष्यवृत्ती अडकते तेव्हा घरच्यांना याचा पत्ता लागतो, आणि मग मजुरीचा खाडा करून रांगा लावणे आले.

क्रम पाळला तर हे टळते: आधी जन्मदाखला, त्यावरून आधार, त्यावरून समग्र, शेवटी शाळा. बहुतेक वेळा घडते उलटे. शाळा कानावर पडेल तसे नाव आणि अंदाजाने जन्मतारीख लिहून घेते, आणि पुढचे सगळे कागद त्या चुकीशी जुळवत बसावे लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे, तेव्हा तिथे सैल राहून चालणार नाही. नोंद २१ दिवसांत करायची. वर्ष उलटले की मॅजिस्ट्रेटच्या आदेशावाचून होत नाही. बांधकामावर आलेल्या झाबुआ-अलीराजपूरच्या कुटुंबांत बाळंतपण गावी आणि मुक्काम इंदुरात असतो. नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, इथल्या झोन कार्यालयात चकरा मारून उपयोग नाही. हे त्यांना वेळेवर सांगणारे कुणी हवे. आधारसाठी बोटांचे ठसे व बुबुळे पाचव्या वर्षी पहिल्यांदा आणि पंधराव्या वर्षी पुन्हा द्यावी लागतात. पाचव्या वर्षीच्या त्या फेरीतच नावाचा घोळ निस्तरावा, कारण आधारवर नाव दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते.

लसींचेही तेच. दीड-दोन वर्षांपर्यंत मूल आशा आणि एएनएम (लस टोचणारी सरकारी परिचारिका) यांच्या नजरेत असते. मग ५ ते ६ वर्षांचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) दुसरा बूस्टर येतो, तेव्हा मूल अंगणवाडीतून निघालेले आणि शाळेत रुळायचे असते. अंगणवाडी म्हणते शाळेत होईल, शाळा म्हणते झालेलेच असेल. पुढे १० आणि १६ वर्षांचे टीडीचे (धनुर्वात व घटसर्प) इंजेक्शन. ते तर पायात खिळा घुसेपर्यंत कुणाला आठवत नाही. पहिली, पाचवी आणि दहावीच्या वर्गशिक्षकांनी वर्गाची यादी आठवडाभर आधी एएनएमला दिली, पालकांची संमती आणि जुने कार्ड मागवून ठेवले, तर एका शाळेचे काम एका सकाळी उरकते.

मापांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण वहीत चुकीचा आकडा शिरला की पुढची सगळी धावपळ वाया जाते. कुपोषण ओळखायला दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांसाठी. डावा हात घ्यायचा, कोपर काटकोनात वाकवायचे, खांद्याच्या हाडाचे टोक आणि कोपराचे टोक यांच्यामधला मध्य मोजून पेनाने खूण करायची. मग हात सैल सोडून खुणेवर पट्टी गुंडाळायची. खाली फट राहू नये, कातडी दाबली जाऊ नये. ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, तिथून १२.५ पर्यंत पिवळा, पुढे हिरवा. लाल आणि हिरव्यात जेमतेम एक सेंटिमीटर आहे, आणि डिसेंबरात स्वेटरच्या बाहीवरून घेतलेले माप तेवढे सहज खाऊन टाकते. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून बघायचा. खळगा राहिला तर ती सूज; मग दंड कितीही भरलेला दिसो, मूल त्याच दिवशी डॉक्टरकडे. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवे निजवून घ्यायची; उभे करूनच मोजले असेल तर ०.७ सेंटिमीटर मिळवायचे. वजनकाटा दर वेळी शून्यावर आणावा, आणि महिन्यातून एकदा वाण्याकडचे दोन किलोचे माप ठेवून पारखावा. काही ठिकाणी मागच्या वजनात दोनशे ग्रॅम मिळवून आकडा टाकला जातो. आलेख छान चढतो, मूल असते तिथेच. दोष सगळा अंगणवाडीच्या दीदींवर ढकलू नये: एकच बाई पोषणाहार वाटते, शिकवते, सर्वेक्षण करते आणि नेटवर्क शोधत अ‍ॅपही भरते. मंडळातल्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेने महिन्यातून दोन सकाळी नुसते काट्यापाशी बसून आकडे लिहून घेतले तरी पुष्कळ.

लाल पट्टीतल्या मुलाला भूक नसेल, सूज असेल किंवा ताप-जुलाबासारखे दुखणे असेल, तर त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतात. मुक्काम साधारण १४ दिवसांचा. चिठ्ठी फाडून देणे सोपे असते. घरी मोठी दोन मुले आहेत, पंधरवड्याची मजुरी बुडणार, नवरा साइटवर, हे त्या चिठ्ठीत कुठे लिहिलेले नसते. भरपाईची रक्कम मिळते, पण मागाहून, खात्यात. चूल आजची असते. मागे राहिलेल्या भावंडांचे दोन वेळचे डबे, त्यांना शाळेत सोडणे-आणणे, जाण्यायेण्याचे रिक्षाभाडे, हे कोणतेही महिला मंडळ किंवा भिशीचा गट चार घरांत वाटून घेऊ शकतो. शाल-श्रीफळाच्या एका कार्यक्रमाच्या खर्चात अशा दोन-तीन आया निश्चिंत राहतील. केंद्रातून सुट्टी मिळाल्यावर दर पंधरा दिवसांनी पुन्हा माप व्हायला हवे, आणि नेमकी तिथे मुले गळतात. दाखल करणारा एक, पाठपुरावा करणारा दुसरा, आणि दोघांची गाठ नाही. अंगणवाडीतून घरी नेलेल्या पोषणाहाराच्या पाकिटाचेही लक्षात घ्या: तीव्र कुपोषित मुलासाठी नियमाने रोज ८०० कॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने धरली आहेत, पण पाकीट घरात चौघांत वाटले जाते. घरभेटीत डबा उघडून बघितल्याशिवाय ते कळत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे मुलांची तपासणी करणारे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचे असते. त्या दिवशी मूल गैरहजर असले की पुढचे सहा महिने किंवा वर्ष गेले. वाकड्या पावलाच्या बाळाला पहिल्या काही आठवड्यांतच दर आठवड्याचे प्लास्टर सुरू व्हावे लागते, त्याला सहा महिने परवडत नाहीत. कचऱ्याची गाडी कुठल्या गल्लीत किती वाजता येते हे आपल्या शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हे पथक कधी येणार ते मात्र कित्येकदा शाळेलाही आदल्या दिवशी कळते.

चौदा वर्षे पूर्ण झाली, आठवी सरली की शिक्षण हक्क कायद्याचे छत्र संपते. नववीची शाळा बहुधा दुसरी आणि लांब. मुलगी असेल तर रस्ता, अंधार, बस यांवर घरात चर्चा होते आणि जून उजाडतो तेव्हा नाव कुठेच नसते. आठवीच्या शाळेने मार्चमध्येच यादी नववीच्या शाळेला द्यावी, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात कोण पोहोचले नाही ते उलट कळवावे. न पोहोचलेल्यांकडे आठवड्याच्या आत कुणीतरी घरी जावे. महिनाभराने गेले तर पोर हॉटेलात किंवा गॅरेजमध्ये लागलेले असते, आणि एकदा हातात पैसे आले की परत आणणे फार जड. १४ ते १८ वयात धोक्याच्या कामावर बंदी आहे, एवढे मालकाला सांगितले तरी कधी कधी पुरते. मन खचलेल्या मुलामुलींसाठी टेली-मानसचा १४४१६ आणि संकटासाठी १०९८ हे क्रमांक शाळेच्या फळ्यावर कायम लिहिलेले असावेत.

एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. वॉर्डाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात कुपोषित किंवा अत्याचारग्रस्त मुलाचा फोटो, नाव, पत्ता टाकू नये, मग हेतू कितीही चांगला असो. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार पीडित किंवा संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. लैंगिक अत्याचाराची बाब तर बैठकीत आणायचीच नाही. पॉक्सो कायद्याप्रमाणे ती थेट पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. आधी आपण समजूत घालून बघू, हे मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांनी मनातून काढून टाकावे.

सुरुवात ८५ वॉर्डांत एकदम करू नये. एका अंगणवाडीच्या क्षेत्रात ४०० ते ८०० माणसे असतात. त्यांतली मुले एका वहीत मावतात. रकाने नाव, जन्मतारीख, समग्र, लस, माप, शाळा, अडचण, जबाबदार व्यक्ती व तारीख एवढेच. वही कुलपात राहावी. महिन्यातून एकच दिवस, पाऊण तास, आणि फक्त अडलेल्या मुलांची नावे घ्यावीत. दीदी, आशा, एएनएम, दोन शाळांचे शिक्षक, पार्षदांचा (नगरसेवकांचा) माणूस आणि मंडळाचे दोघे पुरेत. शिक्षकाला शाळा सोडून यायला वरिष्ठांचे लेखी पत्र लागते. तोंडी निमंत्रणावर दुसऱ्या महिन्यापासून खुर्ची रिकामी दिसते. सोळा-सतरा वर्षांची दोन मुले-मुलीही असावीत, आणि त्यांना भाषण करायला न लावता विचारावे की नववीला कोण येईनासे झाले. त्यांना ते सगळ्यांच्या आधी ठाऊक असते.

आपल्या दैनिकाला एक विनंती. कीर्तन-व्याख्यानांच्या सूचना आपण छापता, त्याच शेजारी आरोग्य पथकाच्या आणि लसीकरणाच्या वॉर्डवार तारखा छापाव्यात. वॉर्ड, अंगणवाडी किंवा शाळा, दिवस, वेळ. एका जागेला एक ओळ पुरेल.

आपले,
बालविकास, आरोग्य व शिक्षण क्षेत्रांतील काही कार्यकर्ते
इंदूर